जगरा पेटवायच्या आधी

रविवार, २१ डिसेंबर २०२५

हरिओमदादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील असं मीच धरून चालते, कारण तू स्वतःहून काही कळवायचा नाहीस. आठ वर्षांत तुझी एक ओळ नाही की एक मिस्ड कॉल नाही. बरं, आम्ही तरी कुठे शोधलं म्हणा.

मी सुची. तुझी बहीण, सुचिता पुंजाजी. पूर्ण नाव लिहिते, न जाणो विसरला असशील. तू गेलास तेव्हा मी नववीत होते, दोन वेण्या घालत होते. आता एकवीस पूर्ण झाली आणि माय मला घोडी म्हणते.

तुझा सुरतेचा पत्ता राजकुमारकडून काढला. तुझा दोस्त अजून संग्रामपूर-शेगाव जीपच चालवतो, फक्त पोट सुटलं आहे. मी फोन नंबर मागितला तर त्यानं कानाला हात लावले. "हरिओमनं शपथ घातली हाय बाप्पा. नंबर देल्ला तं दोस्ती खतम." मी म्हटलं, आणि पत्ता? तर म्हणे, "पत्त्याचं काई बोलला नाई तो." असला तुझा वकील! म्हणून हे पत्र. परीक्षेचे पेपर सोडले तर हातानं इतकं लिहायची सवयच राहिली नाही.

घरचं सांगते. मायचे गुडघे दुखतात, पण खाली बसून भाकरी थापायचं सोडत नाही. बाबांचे केस पांढरे झाले. यंदा त्यांनी कपाशी कमी करून विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी आणि मिरची लावली. वांगी अशी लागली आहेत की तोडून तोडून माझी बोटं काळी पडली. रानडुकरं येतात म्हणून शेतात राखणीला कुडाची खोपडी बांधली आहे, दिवसभर मी तिथेच असते. तुझी सायकल बाबांनी कोणाला दिली नाही. गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवली आहे. तिच्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही.

आता मुख्य बातमी. माझं बी.फार्म. झालं. चार वर्षं अमरावतीला होस्टेलवर राहिले. जूनमध्ये शेवटचा पेपर देऊन पेटी घेऊन घरी आले, तर मायनं पेटी बघूनच ओवाळलं. "झाली बाई एकदाची पोट्टी मोकळी!" आणि बाबा? त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तडक मारोतीला गेले आणि नारळ टांगून आले.

कसला नारळ ते तुला कळलंच असेल. १७ जानेवारीला, शनिवारी, मारोतीपुढे माझ्या शिक्षणाच्या नवसाचे रोडगे आहेत. क्विंटलभर कणकेचे गोळे, ते भाजायला गोवऱ्यांचा जगरा, वांग्याची भाजी, वरण, आणि जेवायला सगळं गाव. तुझ्या वेळी झाले होते तसेच. म्हणजे, होणार होते.

सांगू का दादा, तो नारळ मी रोज पाहते. शेतात जायचा रस्ता मारोतीवरूनच आहे. लाल फडक्यात बांधलेला, आढ्याच्या खिळ्याला टांगलेला. नारळ टांगला की नवस बोलून झाला, मग तो मागे घेता येत नाही. वारा आला की तो हलतो आणि भिंतीला लागून वाजतो. एवढंच. त्यात भिण्यासारखं काय आहे?

गावात लोक अजून तुझ्या रोडग्यांचं बोलतात. तोंडावर नाही, पण बोलतात. मारोतीचा एक नवस या घराच्या अंगावर राहून गेला म्हणे. म्हैस मेली ती त्यामुळे. मायचे गुडघे, तेही त्यामुळे. गारपीट साऱ्या शिवारावर झाली, पण आमची मिरची गेली ती मात्र त्यामुळे! हसायला येतं ना? मलाही यायचं. बाबा हसत नाहीत. रोज संध्याकाळी ते गोवऱ्यांच्या ढिगाजवळ जाऊन उभे राहतात आणि एकच वाक्य म्हणतात, "या वक्ती जगरा इझनार नाई." त्या गोवऱ्या मी थापल्या आहेत दादा. पावसाळा संपल्यापासून रोज, माझ्याच हातांनी.

आणि आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच जगरा पेटवायचा. तेव्हा तू पेटवला होतास, पांढरा शर्ट घालून, धुरानं डोळे पुसत. यंदा काडी मी लावायची आहे.

म्हणून तू ये. बाबा काय म्हणतील ते मी बघून घेईन. मी आता ती नववीतली सुची नाही, चांगली भांडकुदळ झाले आहे. सतरा तारखेच्या आधी ये, एक दिवस तरी आधी. मला तुला एक विचारायचं आहे आणि एक सांगायचं आहे. पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणजे लिहिता येईल, पण राहू दे.

तुझीच,
सुची

ता.क. उत्तर घरी पाठवू नको, राजकुमारच्या पत्त्यावर पाठव. का ते विचारू नको.


रविवार, ४ जानेवारी २०२६

दादा,

नमस्कार-चमत्कार जाऊ दे. तुझं उत्तर नाही. रोज राजकुमारच्या जीपची वाट पाहते आणि तो लांबूनच मान हलवतो. पत्र मिळालं नसेल तर ठीक. मिळूनही गप्प असशील तर धन्य आहे बाबा तुझी.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. माझं बी.फार्म. झालेलं नाही. दोन विषय राहिले. बघ, लिहून टाकलं. घरातल्या माणसांत तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. माझ्या बाकावरच्या पूनमला माहीत आहे, पण तिला मी सांगितलं नाही, तिनं फोनवर माझा आवाज ऐकूनच ओळखलं.

मी कोणाशी खोटं बोलले नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! जूनमध्ये आल्या आल्या मी म्हटलं होतं की रिझल्ट बाकी आहे. बाबा जोडे घालता घालता म्हणाले, "पेपर झाले ना सारे? मंग कागद काय, येते मांगून." त्यांच्या लेखी शेवटचा पेपर दिला म्हणजे शिक्षण झालं, जशी शेवटची वेचणी झाली म्हणजे कापूस घरात आला. मी तेव्हाच आडवं व्हायला पाहिजे होतं. मारोती काही लांब नाही, पण नारळ टांगेपर्यंत पाच-दहा मिनिटं तरी होती माझ्याकडे. मी पेटी उघडून कपडे लावत बसले.

रिझल्ट जुलैत लागला. मोबाईलवर पाहिला, मिरचीच्या वाफ्यात उभी राहून. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आला का व कागद?" मी म्हटलं, "आला." बस, एवढा एक शब्द. त्या एका शब्दावर आता क्विंटलभर कणीक भिजणार आहे.

नापास कशी झाले म्हणशील. आळशी नव्हते रे. पहिल्या वर्षी इंग्रजी डोक्यावरून जायचं. मॅडम बोलायच्या आणि मी नुसती त्यांच्या हातातल्या खडूकडे बघायची. विचारावं तर तोंडातून "मले समजलं नाई" निघायचं आणि मागचे बाक खिदळायचे. मग विचारणंच सोडलं. ते पहिल्या वर्षाचं राहिलेलं पुढे पुढे साचत गेलं.

हे झालं एक. दुसरं तुला वेड्यासारखं वाटेल. पेपर हातात आला की मला वास यायचा. ओल्या राखेचा. भिजलेल्या गोवऱ्यांचा आणि त्यात सांडलेल्या कच्च्या कणकेचा. तोच वास, दादा. मग हातच चालायचा नाही. येत असलेला प्रश्न समोर आणि मी घड्याळ बघत बसलेली. तो वास मलाच का यावा, हे मला माहीत आहे. ते पुढे लिहीन, आत्ता नाही.

पण ऐक, मी रडत बसले नाही हं. सहा महिने खोपडीत अभ्यास केला. पूनमनं तिच्या वह्यांचे फोटो पाठवले. खताच्या रिकाम्या पिशव्या फाडून त्यांवर मार्करनं औषधांची नावं लिहिली आणि कुडाला टांगली. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, जिथे समजणं थांबलं होतं तिथून. नाही समजलं की पूनमला फोन करायचा आणि बेशरम होऊन "मले समजलं नाई" म्हणायचं. दहा वेळा म्हणायचं. वांगी तोडताना नावं मोठ्यानं घोकायची. माय बायकांना सांगत सुटली की पोट्टी जप करते! एकदा मलाच म्हणाली, "कोन्या देवाचा हाय व हा? नाव मोठं अवघड हाय बाप्पा." मी हसून हसून खाली बसले. मग तिथेच रडूही आलं.

डिसेंबरात सर्टिफिकेट आणायला जाते असं सांगून दोनदा अमरावतीला गेले आणि दोन्ही पेपर पुन्हा दिले. हे मात्र सरळ सरळ खोटं बोलले. वास आलाच. पण या वेळी तो येत असतानाच मी लिहीत राहिले, तीन तास, दोन्ही दिवस. सुटतील असं वाटतं. पण रिझल्ट फेब्रुवारीशिवाय लागत नाही आणि रोडगे सतराला आहेत.

मला भीती वाटते दादा. काल बाबांनी पाण्याचा ड्रम आणला. निळा, मोठा. मारोतीपुढे, जगऱ्याच्या जागेपासून चार पावलांवर ठेवला आणि काठोकाठ भरला. तो तेव्हाही तिथेच होता, तुला आठवत असेल. मायला विचारलं तर म्हणाली, "वांगे धुवाले लागते ना पानी." वांगी आपण विहिरीवरच धुतो, तिलाही माहीत आहे. बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते माझ्याकडे बघत असतात. परवा जेवताना एकदम म्हणाले, "सुचे, काई सांगाचं हाय का तुले?" मी म्हटलं, "नाई." "बरं," म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले. पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारायला पाहिजे होतं.

नारायणराव मामांनी हौसेनं फ्लेक्स छापून आणलं आहे. पांढऱ्या कोटातली मी, आणि खाली मोठ्या अक्षरात 'बी.फार्म.' शनिवारी ते मारोतीच्या कमानीला लागणार. गावात जो भेटतो तो मला विचारतो की दुकान कुठे टाकणार.

विचारायचं होतं ते हे: तेव्हा काडी लावताना तुला कसं वाटत होतं? सांगावंसं वाटलं नव्हतं का? तू सांगणारच होतास. मला माहीत आहे तू सांगणार होतास.

मी ठरवलं आहे. तुझं उत्तर आलं नाही तर सोळा तारखेला मी राजकुमारच्या जीपनं शेगावला जाईन आणि सुरतेची गाडी धरीन. माझ्याशिवाय रोडगे होवोत नाहीतर न होवोत. पेटीत दोन ड्रेस आणि वह्या भरून ठेवल्या आहेत. तुझ्या दारात आले तर हाकलू नको. नाहीतर मग सांग की बाबांना सांगून टाक. दोन्हींतलं एक काहीतरी कळव. या जागेवर उभा राहिलेला तू एकटाच आहेस, मी दुसऱ्या कोणाला विचारू?

वाट पाहणारी,
सुची


रविवार, १८ जानेवारी २०२६

दादा,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. कसं येईल ते शेवटी सांगते.

मी गेले नाही. शुक्रवारी सकाळी पेटी घेऊन निघाले मात्र होते. माय गिरणीवर दळण आणायला गेली होती. मारोतीपाशी बाबा एकटेच जगऱ्याची जागा साफ करत होते. वर नारळ, बाजूला तो ड्रम, आणि मला रस्ता तिथूनच. बाबांनी पेटी पाहिली आणि फावडं खाली ठेवलं.

"काऊन व? पेटी काऊन घेतली?"

आणि मी सांगितलं. ठरवून नाही रे, निघून गेलं तोंडातून. "बाबा, मी पास नाई. दोन विषय राह्यले माहे. जुलैपासून मले माहीत हाय. पुन्हा पेपर देल्ले, पन रिझल्ट नाई आला."

बाबा वळले. ड्रमकडे चालत गेले. मी डोळे मिटले. जगरा पेटलाही नव्हता तरी मला तो वास आला. मग पाण्याचा आवाज आला. डोळे उघडले तर बाबांनी ड्रम आडवा पाडला होता आणि सगळं पाणी उतारानं रस्त्याकडे वाहत होतं.

"घे," म्हणाले. "आता इझवाले पानीच नाई."

मी विचारलं, मग आणला कशाला होता? म्हणाले, "माहा माह्यावर भरोसा नोता." मग पारावर बसले. मी पेटीवर बसले. गावातली कुत्री येऊन त्या चिखलात पाणी पिऊन गेली तरी आम्ही बसलेलोच.

मग म्हणाले, "तुनं माह्या तोंडावर तरी सांगतलं. त्याले म्या सांगू बी नाई देल्लं." आणि थोड्या वेळानं, "माह्या अगुदर कोनाले सांगतलं का?"

मी म्हटलं, "दादाले. पत्र लिहिलं."

दादा, मी नापास झाले हे ऐकूनही जो माणूस पारावर बसून राहिला होता, तो ताडकन उभा राहिला. "पत्ता हाय तुह्याजोळ त्याचा?"

राजकुमारची जीप रोज आपल्या दारावरून जाते. बाबांनी आठ वर्षांत तिला कधी हात केला नाही, पायी जातील पण त्या जीपमध्ये बसणार नाहीत. मला वाटायचं की त्यांना तुझं नावच नको आहे. ते विचारायला भीत होते. राजकुमार काय सांगेल याला भीत होते.

आता माझं. तुला आजही वाटत असेल की कॉलेजातून कोणीतरी बाबांना फोन केला. कोणी केला नाही. मी सांगितलं.

आदल्या दिवशी विहिरीवर तू मला म्हणालास, "सुचे, पाच विषय राह्यले माहे. उद्या जगरा लागाच्या अगुदर बाबाले सांगतो. तू कोनाले सांगू नको." आणि तुझं कॅल्क्युलेटर मला देऊन टाकलंस. दुसऱ्या दिवशी तुझी हिंमत झाली नाही. काडी लावलीस. तुला खुर्चीवर बसवून हार घातला. मी सकाळपासून पाणी भरत होते. माझ्या नव्या फ्रॉकला ठिणगीनं भोक पडलं, तर मायनं वर मलाच झापलं. मला राग आला दादा. जळले मी तुझ्यावर, दुसरं काही नाही. तू पत्रावळी आणायला देवळामागे गेलास, आणि मी बाबांना पाण्याचा तांब्या देता देता कानात सांगितलं. तू परत आलास तेव्हा बाबा जगऱ्यावर पाणी ओतत होते. ते तुला म्हणाले, तोंड दाखवू नको. तू राजकुमारच्या जीपमध्ये बसलास, त्याच पांढऱ्या शर्टावर. मी तांब्या धरून उभी होते.

सांगणारी मी होते हे बाबांनी कोणालाच कळू दिलं नाही, मायलासुद्धा नाही. शुक्रवारी मी म्हटलं, "बाबा, तवा मीच..." तर त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाले, "तू लहान होती. मी तं मोठा होतो ना."

शनिवारी रोडगे झाले. काडी मी लावली नाही, बाबांनी लावली. पंगत बसायच्या आधी त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. म्हणाले, "नवस फिटला नाई. पोरगी दोन विषयात नापास हाय, पुन्हा पेपर देल्ले तिनं. हे रोडगे नवसाचे नोयत. आठ वर्षाखाली म्या तुमाले उपाशी घरी पाठोलं, ते आज जेवा." नारायणराव मामांनी फ्लेक्स उतरवलं, गुंडाळलं आणि न जेवता निघून गेले. बाकीचे बसले. पण पंगतीत आवाज नव्हता. वाढा, घ्या, कोणी म्हणत नव्हतं. हात धुताना म्हातारी सरस्वतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "दोनदा फसोलं मारोतीले. तिसऱ्यांदा काय घेते ते पाह्यजा."

मायनं ते ऐकलं. तेव्हापासून तिनं घास घेतला नाही. नारळ अजून वरच टांगला आहे. बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही.

आणि संध्याकाळी राजकुमार आला. बाबांनी त्याला स्वतः बोलावलं होतं. आधी तो इकडचं तिकडचं बोलत बसला. मग बाबांनी त्याचा हात धरला तेव्हा रडायलाच लागला. तुझा फोन पोळ्यापासून बंद आहे. दिवाळीनंतर तू कामावर गेला नाहीस. त्यानं महिन्यापूर्वी तुझ्या खोलीच्या मालकाला फोन लावला होता, तर तो म्हणाला, माणूस आत आहे, दिवा कधी कधी दिसतो, पण दार उघडत नाही. हे सगळं त्या गाढवाला महिनाभर माहीत होतं आणि मला तो नुसती मान हलवून दाखवत होता. शपथ म्हणे! मी त्याला नको नको ते बोलले. माय आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, फक्त देवापुढे जाऊन बसली.

माझी दोन्ही पत्रं तुझ्या दाराच्या आत पडलेली असतील. तू ती उघडलीस का, मला माहीत नाही. पहिल्यात मी तुला पास झाल्याचं लिहिलं होतं. तेवढं एकच वाचलं असशील तर? कालपासून माझ्या डोक्यात हेच आहे. तेवढंच वाचून ठेवून दिलं असशील तर!

उद्या सकाळी बाबा शेगावहून सुरतेच्या गाडीत बसतील. एकटेच. राजकुमार येतो म्हणाला तर नको म्हणाले. बाबा जळगावच्या पुढे कधी गेलेले नाहीत, आणि तिकडच्या पाट्या त्यांना वाचता येणार नाहीत. पत्ता मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला आहे. तो खिशात आहे की नाही हे ते दर थोड्या वेळानं चाचपून बघतात. मायनं चार रोडगे फडक्यात बांधून दिले आहेत. आज दुपारी बाबांनी गोठ्यातून तुझी सायकल काढली, पुसली आणि हवा भरली. मागच्या चाकात हवा राहिली नाही, तर पंक्चर काढायला घेऊन गेले.

हे पत्र मी त्यांच्याच हातात देते आहे. त्यांना सांगितलं आहे की दार वाजवा, आणि उघडलं नाही तर हे खालून सरकवा. तुला हाक मारता येईल का त्यांना, माहीत नाही. आठ वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. शुक्रवारीसुद्धा 'त्याचा पत्ता' असंच म्हणाले.

माझ्यावर राग काढ. कितीही काढ, पण इथे येऊन काढ. माझा रिझल्ट अजून लागायचा आहे. पुन्हा राहिले तर मी उन्हाळ्यात पुन्हा बसेन, त्याचं मला आता काही वाटत नाही. मला दोन विषयांनी मारलं नाही. तू त्या पाच विषयांना तुला मारू देऊ नको, दादा. मी हात जोडते.

तू हे वाचतो आहेस म्हणजे बाबा दाराबाहेर उभे आहेत. ते परत जाणार नाहीत, मी त्यांना ओळखते. पत्र तिथेच ठेव आणि आधी दार उघड.

जिनं सांगितलं ती,
सुची